हिमालयाचे बर्फ आणि दख्खनचा पाऊस

शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हिमालयातले सिमला येथे कसे आले, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस पडत असेल. हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हा थंड हवेच्या त्या गावाचे नावही त्याने बरोबर आणले. पण ह्या खात्याचा आणि हिमालयाचा संबंध पत्त्यापुरताच नव्हता. दख्खनात पाऊस पडेल की नाही, हे एके काळी ते हिमालयावरच्या बर्फाला विचारीत असे. त्या विचारण्याची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी ही वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. त्याच वर्षी हवामान खाते स्थापन झाले व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी पाऊस फसला. १८७६ ते १८७८ चा तो दुष्काळ दख्खनाने भोगला. सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून लोकांचे हाल सरकारपुढे मांडले. माणसे लाखांनी मेली. पाऊस येणार नाही हे चार महिने आधी कळले असते तर धान्य हलविता आले असते, हा विचार तेव्हा जुलमी वाटावा इतका खरा होता.

ब्लॅनफर्ड यांनी जुनी टिपणे चाळली, तेव्हा त्यांना दिसले की हिमालयावर वसंतात बर्फ जास्त व उशिरापर्यंत राहिले की त्या सालच्या पावसाची लक्षणे बरी नसतात. हे त्यांनी १८८४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. बर्फावरून थंड होऊन उतरणारे कोरडे वारे वायव्य हिंदुस्थानभर पसरतात व पावसाळी वाऱ्यांची वाट अडवितात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागचे साधे पदार्थविज्ञान पाहा. वैशाखात जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरची दमट हवा तिची जागा घ्यावयास धावते. पण ताजे बर्फ अंगावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकते. उरलेले ऊन ते वितळण्यातच खर्चते. एक ग्रॅम बर्फ वितळावयास सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत ८० ग्रॅम पाणी एका अंशाने तापले असते. वितळल्यावर जमीन ओली राहते ती निराळीच. मग जमीन तापावी कशी, आणि समुद्राने हवा धाडावी कशाला?

४ जून १८८६ रोजी ह्या तर्कावर पहिला नियमित अंदाज निघाला. पुढे अंदाज लांबलचक होत गेले, भाषा पल्लेदार झाली. परंतु १८९९ साली बरा पाऊस सांगितला आणि दुष्काळ पडला! लोकांनी टीका केली, ती रास्तच होती. त्यानंतर काही वर्षे अंदाज जाहीर न करता सरकारपुरतेच ठेवले गेले. आमच्या मते चूक होणे क्षम्य आहे, ती झाकणे नव्हे.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. त्यांनी बर्फाला एकट्याला साक्षीदार न मानता मॉरिशस व दक्षिण अमेरिकेचा वायुभार, झांजीबारचा पाऊस ह्यांनाही बोलाविले. ह्या शोधातच त्यांना प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या वायुभाराची तराजू सापडली. बर्फाचा मान मात्र कमी होत गेला, कारण पुढच्या सालांनी त्याची साक्ष सारखी पटविली नाही.

१९७६ साली हान आणि जगदीश शुक्ला यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून युरेशियाभरचे हिवाळी बर्फ व आपला पाऊस ह्यांचा उलटा संबंध पुन्हा दाखविला. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या १९८८ पासूनच्या सोळा घटकांच्या सूत्रातही बर्फाला जागा होती. तरी २००२ साली अंदाज १०१ टक्क्यांचा आणि पाऊस ८१ टक्के! जुलैत तर निम्माच पडला. बर्फ कोठे आहे यालाही महत्त्व असते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील कृपलानी आणि अश्विनी कुलकर्णी यांनी १९९९ साली सोव्हिएत नोंदी तपासून दाखविले की मॉस्कोच्या बाजूचे खोल बर्फ आपल्या पावसाच्या उलट जाते, तर पूर्वेकडचे त्याच्याबरोबर. ब्लॅनफर्ड यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्यापुढे डोंगरातल्या अधिकाऱ्यांनी कळविलेले तेवढेच बर्फ होते.

एप्रिल २०२५ च्या अंदाजात खात्याने नमूद केले की जानेवारी ते मार्च ह्या काळात उत्तर गोलार्धात व युरेशियात बर्फ नेहमीपेक्षा कमी आहे. अंदाज १०५ टक्क्यांचा होता, पाऊस १०८ टक्के झाला.