बर्फात चर्चचा फोटो काढताय? आधी हे वाचा: करडा बर्फ, झुकलेला मनोरा आणि अचानक बंद पडणारा फोन

मागच्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन शिमल्याला गेलो होतो. आईने आयुष्यात पहिल्यांदाच बर्फ बघितला. रिजवर क्राइस्ट चर्चसमोर तिला उभं करून मी धडाधड फोटो काढले आणि रात्री हॉटेलवर निवांत बघायला बसलो. बर्फ सिमेंटसारखा करडा, चर्च मागच्या मागे पडतंय असं वाटावं इतकं झुकलेलं, आणि आईचा चेहरा काळपट. फोन नवा होता, कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. म्हणजे चूक माझीच होती. इंजिनिअरिंगला असताना कॅमेरा सेन्सरवर सेमिनार दिलेला माणूस मी, त्यामुळे जास्तच लागलं.

त्या चुका एकेक करून बघूया. उदाहरणं शिमल्याचीच घेतो, कारण आपल्याकडचे बहुतेक जण पहिला बर्फ तिथे, मनालीत नाहीतर गुलमर्गला बघतात.

बर्फ करडा का येतो?

कॅमेऱ्याला समोर बर्फ आहे की कोळसा, हे मुळात कळत नाही. त्याला फक्त किती उजेड आत येतोय ते कळतं. तो गृहीत धरतो की जगातली कुठलीही फ्रेम सरासरी मध्यम करडी असते, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी. घर, रस्ता, झाडं, माणसं असली की हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. मग कॅमेरा म्हणतो, "बापरे, उजेड फार झाला", आणि एक्स्पोजर कमी करतो. झाला बर्फ करडा.

हिशोब सोपा आहे. ९० भागिले १८ म्हणजे ५ पट. फोटोग्राफीत उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला असं म्हणतात, त्यामुळे ५ पट म्हणजे सव्वादोन स्टॉपच्या आसपास. इतका फरक हाताने भरून काढायचा का? नाही. फ्रेममध्ये आकाश, चर्चची भिंत, देवदार असं बरंच काही असतं आणि आजकालच्या फोनचं सॉफ्टवेअर बर्फ ओळखून थोडी दुरुस्ती स्वतःच करतं. माझ्या अनुभवात +०.७ ते +१ पुरतं. फ्रेम जवळजवळ सगळीच पांढरी असेल तर +१.३ पर्यंत जा.

आयफोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरा, एई/एएफ लॉक असं आलं की पिवळ्या चौकोनाशेजारचा सूर्य वर सरकवा. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये टॅप केल्यावर असाच सूर्य किंवा पट्टी येते. प्रो मोड असेल तर त्यात ईव्ही नावाची सेटिंग शोधा.

एक धोका मात्र आहे. जास्त वाढवलंत तर बर्फ पूर्ण पांढरा फटक होतो, त्यावरच्या पावलांच्या खुणा, वाऱ्याने पडलेल्या रेघा सगळं पुसलं जातं. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. सगळं २५५ला जाऊन चिकटलं की एडिटिंगमध्ये काहीही करा, तिथे माहितीच नसते. फोनमध्ये हिस्टोग्राम दिसत असेल तर त्याचा डोंगर उजवीकडे सरकू द्या, पण उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका.

सरावासाठी हिमालयात जायची गरज नाही. पणजीचं पांढरंशुभ्र इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च भर उन्हात कॅमेऱ्याला असंच फसवतं. गोव्याला गेलात की तिथल्या पायऱ्यांसमोर उभं राहून ०, +०.७ आणि +१.३ असे तीन फोटो काढा. फरक एका मिनिटात कळेल.

आणि चेहरा?

आईचा चेहरा काळा आला कारण सकाळची वेळ होती. क्राइस्ट चर्च रिजच्या पूर्व टोकाला आहे. सकाळी रिजवरून चर्चकडे बघितलं की सूर्य समोर, म्हणजे माणूस आणि चर्च दोन्ही सावलीत. दुपारी तीननंतर सूर्य तुमच्या पाठीमागे येतो आणि ती फिकट पिवळी भिंत अक्षरशः उजळून निघते. जागा तीच, फोन तोच, फक्त घड्याळ बदललं.

सकाळीच काढायचा असेल तर टॅप बर्फावर नाही, चेहऱ्यावर करा आणि माणसाला थोडं तिरकं वळवा. खाली पसरलेला बर्फ खालून उजेड फेकतो, स्टुडिओतल्या रिफ्लेक्टरसारखा. हे फुकटचं लाइटिंग आहे, वापरा.

निळा बर्फ

उन्हातला बर्फ पांढरा आणि सावलीतला निळा दिसतो, हा फोनचा बिघाड नाही. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो निळ्या आकाशाकडून. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ७००० केल्विनच्या आसपास नेलात तर निळेपणा कमी होतो. पण सगळा घालवू नका, थंडी त्याच निळ्यात असते. संध्याकाळी चर्चवरचे पिवळे दिवे आणि खाली निळसर बर्फ ही जोडी तर ऑटोवर ठेवूनही सुंदर येते. जानेवारीत शिमल्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यानंतरचा अर्धा तास धरून ठेवा. नंतर आकाश काळं पडतं आणि मजा जाते.

फोनमध्ये रॉ फॉरमॅट असेल तर व्हाइट बॅलन्सची चिंता नंतरवर टाकता येते. फाइल मोठी होते, एवढं लक्षात ठेवा: आयफोनच्या प्रोरॉमध्ये १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण २५ एमबीचा आणि ४८ मेगापिक्सेलचा ७५ एमबीचा. स्टोरेज भरत आलेलं असेल तर या वाटेला जाऊच नका.

चर्च मागे का झुकतं?

मनोरा फ्रेममध्ये मावत नाही म्हणून आपण जवळ उभं राहून फोन वर तिरका करतो, वर ०.५एक्स लावतो. फोन तिरका झाला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. मनोऱ्याचा माथा पायापेक्षा लांब, म्हणून तो बारीक होतो आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे सरकतात. निओ-गॉथिक चर्चमध्ये हे फार डोळ्यात येतं, कारण या शैलीत सगळा भर उंच, उभ्या रेषांवर असतो. क्राइस्ट चर्च १८५७चं आहे. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च त्याच काळातलं, त्याच धाटणीचं. तिथेही हाच सराव करता येईल.

उपाय म्हणजे मागे जा. शिमल्याचं रिज मोकळं आहे, भरपूर मागे जाता येतं. ग्रिड चालू करा, फोन सरळ उभा धरा आणि २एक्स लावा. खाली बर्फ जास्त आला तर येऊ द्या, तोच तर हवाय. जागाच नसेल तर चारही बाजूंना मोकळी जागा सोडून काढा आणि एडिटरमधल्या पर्स्पेक्टिव्हने सरळ करा. सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून ती जागा सोडायची.

गुलमर्गचं सेंट मेरीज चर्च (१९०२) याच्या बरोबर उलट आहे. लहानसं, मोकळ्या उतारावर एकटं उभं. तिथे जवळ जाऊच नका. लांबून, फ्रेमच्या एका कोपऱ्यात छोटं चर्च आणि बाकी सगळा बर्फ, असा फोटो मला तरी जास्त आवडतो.

आत गेल्यावर

आधी विचारा. काही चर्चमध्ये आत फोटो चालत नाहीत आणि प्रार्थना चालू असेल तर फोन खिशातच ठेवायचा, विषय संपला. परवानगी असेल तरी फ्लॅश बंद. रंगीत काचेच्या खिडकीवर टॅप करून सूर्य खाली ओढा, म्हणजे काचेचे रंग टिकतात, भले बाकी अंधार होवो. आतल्या कमानी हव्या असतील तर वेगळा फोटो काढा: बाकाच्या पाठीवर कोपरं टेकवा, नाइट मोड लावा, दोन सेकंद श्वास रोखा.

नाइट मोड बाहेर, बर्फ पडत असताना मात्र बंद ठेवा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो आणि जे हललं त्याला गोंधळ समजून पुसतो. पडणारे कण एकतर गायब होतात किंवा त्यांचे डाग होतात. प्रो मोडमध्ये शटर १/२५० ठेवलं तर कण गोठतात, १/३० ला त्यांच्या रेघा होतात. मागे गडद देवदार असले तरच ते दिसतात, पांढऱ्या आकाशासमोर नाही. फ्लॅश मारलात तर जवळचे कण मोठे पांढरे गोळे होऊन बसतील.

फोन अचानक बंद पडला तर

माझा ३४ टक्क्यांवर बंद पडला. हॉटेलचा पत्ता, टॅक्सीवाल्याचा नंबर, सगळं त्यात. बाबांनी नंबर कागदावर लिहून ठेवला होता म्हणून वाचलो. (त्यावरून घरी अजून ऐकतोय.)

थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने जास्त करंट मागितला की व्होल्टेज झपकन पडतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज कुठे गेलेला नसतो, ऊब मिळाली की परत दिसतो. ॲपलनेही आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगितलंय. फोटो काढून झाला की फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. शून्याखाली चार्जिंग करू नका, त्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होतं.

परत उबदार खोलीत शिरण्याआधी फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तसाच ठेवा. नाहीतर खोलीतल्या हवेतली वाफ थंड फोनवर, लेन्सवर पाणी होऊन बसते. तो ओला असताना चार्जर लावू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आईला परत रिजवर नेलं. ती म्हणाली, "पुन्हा तेच कशाला?" २एक्स, +०.७, फोन सरळ, टॅप चेहऱ्यावर. आता तो फोटो तिच्या व्हॉट्सॲपचा डीपी आहे.