सोनेरी तबकडी आणि न मोजलेले श्रोते

जुन्या वस्तू जमविणाऱ्यांच्या दुनियेत एका वेगळ्याच वस्तूला आज मोठे मोल आले आहे. काचेच्या चौकटीत बसविलेली सोनेरी किंवा रुपेरी तबकडी आणि तिच्याखाली गायकाचे व गाण्याचे नाव कोरलेली पट्टी, असे तिचे स्वरूप. ध्वनिमुद्रिकेचा खप ठरावीक आकड्यापलीकडे गेला म्हणजे हा मानाचा फलक देण्यात येतो. शहापूर-मुरबाडकरांना त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु इतिहासाचे साधन म्हणून या फलकाची पारख करावयाची तर आपल्या या दोन तालुक्यांचाच दाखला उपयोगी पडतो.

१९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील एका कंपनीने ग्लेन मिलर या वादकाला, त्याच्या एका गाण्याच्या बारा लाख प्रती खपल्याबद्दल, सोनेरी मुलाम्याची तबकडी अर्पण केली. पुढे १९५८ पासून तेथील ध्वनिमुद्रण व्यावसायिकांची संघटना हिशेब तपासून असा मान देऊ लागली. तथापि हा मान मागावा लागतो आणि त्यासाठी वह्या उघड्या कराव्या लागतात. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मलेल्या हिप-हॉप संगीताची कथा या दृष्टीने बोलकी आहे. दोन ग्रामोफोनवर जुन्या तबकड्या फिरवायच्या आणि त्यांच्या ठेक्यावर यमकबद्ध बोलायचे, अशी ही कला. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ या ध्वनिमुद्रिकेचा लक्षावधी प्रतींनी खप झाला. पण तिची कंपनी त्या संघटनेची सभासद नव्हती, म्हणून अधिकृत सुवर्ण तबकडी तिला लाभली नाही. पुढच्याच वर्षी कर्टिस ब्लो याच्या ‘द ब्रेक्स’ला ती लाभली. नुसते फलक पाहून इतिहास लिहिणारा पहिल्या गाण्याला मुकेल, हे उघड आहे.

आपल्याकडेही खपाबद्दल असे मान दिले गेले. १९७१ च्या ‘हाथी मेरे साथी’ला एच. एम. व्ही. कंपनीची रौप्य तबकडी मिळाली. पण तबकडी किती विकली गेली एवढेच तो मान सांगतो. ती किती जणांनी ऐकली हे सांगत नाही. शहरात माणूस रेकॉर्ड विकत घेई आणि दिवाणखान्यात लावी. खेड्यात एक रेकॉर्ड गावाची होत असे. चावीच्या ग्रामोफोनला विजेची गरज नव्हती. पुढे बॅटरीवर चालणारे कर्णे आले. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, आणि पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हसा येथील यात्रेसारख्या गर्दीत कर्णेवाल्याची एकच तबकडी हजारोंच्या कानी जाई. १९७५ च्या ‘शोले’चे संवाद पॉलिडॉरच्या रेकॉर्डींवरून गावोगाव पाठ झाले, ते याच वाटेने. कंपनीच्या वहीत मात्र या सर्व श्रोत्यांची नोंद ‘एक प्रत’ अशीच पडली.

तेव्हा आम्हाला असे वाटते की, संग्राहकाने भिंतीवरच्या चकचकीत फलकाइतकाच मान झिजलेल्या तबकडीला द्यावा. फलकातील तबकडी तर कधी कधी दुसऱ्याच गाण्याची असते. हाताशी असलेल्या रेकॉर्डवर मुलामा चढविला की काम भागते. उलट कर्णेवाल्याच्या पेटीतली रेकॉर्ड खरे बोलते. तिच्या झिजलेल्या रेघा कोणते गाणे वारंवार लागले ते दाखवितात. कागदी पाकिटावरील दुकानाचा शिक्का ती कोठून आली ते सांगतो, आणि मधल्या लेबलावर शाईने लिहिलेले नाव ती कोणाची होती ते सांगते.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने जुन्या तबकड्यांची टिपणे प्रसिद्ध करून मोठे काम केले. पण खर्डीच्या किंवा धसईच्या माळ्यावर काय पडले आहे, हे मुंबईला कसे कळावे? लाखेच्या रेकॉर्डी पडल्या की फुटतात, उरलेल्या भंगारात जातात. आणि ज्यांनी कर्णे लावले ते आता वृद्ध झाले आहेत. म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती विकण्यापूर्वी तिची यादी करावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कोणती रेकॉर्ड कोणत्या प्रसंगी वाजे ते शेजारी लिहून ठेवावे. एक वही आणि चार संध्याकाळी यांहून अधिक खर्च यात नाही.