रोगप्रतिकारक्षम फळझाडे : जैवतंत्रज्ञानाच्या आधारे पैदास

विषाणू, जीवाणू आणि बुरशी यांच्यापासून होणाऱ्या रोगांना अंगभूत शक्तीने तोंड देऊ शकतील अशा फळझाडांच्या जाती निर्माण करण्यासाठी उतिसंवर्धन, डीएनए-चिन्हकांच्या साहाय्याने निवड, जनुकांतरण आणि जनुकसंपादन या तंत्रांचा जो उपयोग केला जातो, तो या नोंदीचा विषय आहे. ग्राहकांच्या पसंतीस उतरलेल्या जातीची चव, रंग, आकार आणि टिकाऊपणा न बिघडवता तिच्यात रोगप्रतिकाराचा गुण आणणे हे या शाखेचे मुख्य उद्दिष्ट असून, पारंपरिक संकरपद्धतीला फळझाडांत सर्वांत अवघड जाणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

पारंपरिक पैदाशीच्या अडचणी : भात किंवा गहू यांसारख्या पिकांत वर्षाला एक-दोन पिढ्या घेता येतात, परंतु बहुतेक फळझाडे बीपासून वाढवली असता पहिला बहर येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि तोवर फळाची प्रत समजत नाही. शिवाय या झाडांत प्रत्येक गुणासाठी आईकडून व बापाकडून आलेली जनुके बहुधा भिन्न असतात, त्यामुळे बीपासून आलेले रोप मूळ जातीसारखे निपजत नाही. जातीचे गुण कायम राखण्यासाठी कलम, डोळा भरणे किंवा गुटी या शाकीय पद्धतींचाच अवलंब करावा लागतो. परिणामी बागेतील सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी असतात आणि एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला संपूर्ण बाग बळी पडू शकते. प्रतिकाराचा गुण पुष्कळदा रानटी नातलगांत सापडतो, पण संकरातून त्यांची लहान, आंबट फळेही पुढच्या पिढीत उतरत असल्याने चांगल्या जातीशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मॅलस फ्लोरिबंडा 821’ या शोभेच्या सफरचंदाचा लागवडीतील जातीशी पहिला संकर 1914 मध्ये झाला. त्यातून लाभलेला स्कॅब या बुरशीजन्य रोगाचा प्रतिकार असलेली ‘प्रिमा’ ही जात मात्र 1970 मध्ये प्रसारित झाली.

प्रमुख तंत्रे : डीएनए-चिन्हक म्हणजे इष्ट जनुकाच्या अगदी जवळ असलेला, प्रयोगशाळेत सहज ओळखता येणारा डीएनएचा तुकडा होय. रोपाच्या कोवळ्या पानाची तपासणी करून हा तुकडा त्यात आहे की नाही हे पाहता येते आणि प्रतिकाराचे जनुक नसलेली रोपे बागेत लावण्यापूर्वीच काढून टाकता येतात, त्यामुळे जमीन, मजुरी आणि वर्षे यांची मोठी बचत होते. दूरच्या नातलगांतील संकरात बी भरत नसेल, तर कच्च्या फळातील भ्रूण काढून तो पोषक माध्यमावर वाढवतात. या पद्धतीस भ्रूणरक्षण म्हणतात. जनुकांतरणात निवडक जनुक वनस्पतीच्या पेशीत थेट घालण्यात येते. त्यासाठी निसर्गतःच आपला डीएनए वनस्पतीत सोडणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूचा उपयोग करतात किंवा डीएनएचे लेपन केलेले धातूचे सूक्ष्म कण ‘जीन गन’ या उपकरणाने पेशींवर मारतात आणि मग त्या पेशींपासून उतिसंवर्धनाने पूर्ण रोप तयार करतात. घातलेले जनुक त्याच पिकाचे किंवा त्याच्याशी नैसर्गिक संकर होऊ शकणाऱ्या नातलगाचे असल्यास त्यास स्वजातीय जनुकांतरण म्हणतात. जनुकसंपादनात, विशेषतः क्रिस्पर-कॅस तंत्रात, बाहेरचे जनुक कायम न ठेवता वनस्पतीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये ठरावीक जागी छेद देऊन बदल घडवला जातो. पिढी लवकर मिळावी म्हणून फुलोऱ्यास चालना देणारे जनुक तात्पुरते वापरण्याचीही एक युक्ती आहे. बर्चचे असे जनुक घातलेली सफरचंदाची रोपे पहिल्या वर्षातच फुलतात, आणि अखेरच्या संकरानंतर हे जनुक नसलेली संतती निवडून घेता येते.

पपईचे उदाहरण : या शाखेचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण हवाई बेटांवरील पपईचे आहे. पपईवरील रिंगस्पॉट विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो. मावा रोगट झाडाचा रस क्षणभर शोषून दुसऱ्या झाडावर बसला तरी लागण होत असल्याने कीटकनाशकाने हा प्रसार थांबवता येत नाही. ओआहू बेटावर या रोगाने पपईची शेती मोडीत काढल्यावर ती हवाई बेटाच्या पुना भागात गेली. तेथेही 1992 मध्ये रोग आढळला आणि 1998 पर्यंत पुनाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. हवाईतच जन्मलेले विषाणुशास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस यांनी हे संकट ओळखून कॉर्नेल विद्यापीठ व हवाई विद्यापीठ यांतील सहकाऱ्यांसह आधीच काम सुरू केले होते. विषाणूच्याच एखाद्या जनुकामुळे वनस्पतीस त्या विषाणूपासून संरक्षण मिळू शकते ही कल्पना 1985 मध्ये मांडली गेली होती आणि 1986 मध्ये तंबाखूत ती सिद्ध झाली होती. त्या आधारे रिंगस्पॉट विषाणूच्या सौम्य प्रकारातील कवचप्रथिनाचे, म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाचे, जनुक ‘सनसेट’ जातीच्या पपईत जीन गनने घालण्यात आले. त्यातून मिळालेल्या वाणापासून ‘सनअप’ ही तांबड्या गराची जात निघाली आणि तिचा पिवळ्या गराच्या ‘कापोहो’शी संकर करून ‘रेनबो’ ही जात तयार झाली. आवश्यक त्या परवानग्या मिळाल्यानंतर 1998 मध्ये शेतकऱ्यांना या जातींचे बी विनामूल्य वाटण्यात आले आणि पुनाची पपई पुन्हा उभी राहिली.

या प्रतिकारामागे प्रथिन नसून आरएनए-शमन ही प्रक्रिया आहे, हे पुढे स्पष्ट झाले. वनस्पतीच्या पेशी घातलेल्या जनुकाशी जुळणारा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करतात, आणि विषाणूचा आरएनएही त्याच क्रमाचा असल्याने तोही नष्ट होतो. यातूनच या पद्धतीची मर्यादाही समजते : विषाणूचा स्थानिक प्रकार घातलेल्या जनुकाशी पुरेसा जुळत नसेल, तर संरक्षण कमी पडते. म्हणून हवाईची जात आशियातील विषाणूसमोर तशीच टिकेल असे गृहीत धरता येत नाही आणि प्रत्येक प्रदेशाला आपल्या विषाणूच्या प्रकारानुसार जात घडवावी लागते.

इतर फळांतील कार्य : आलुबुखार, पीच आणि जर्दाळू यांवरील प्लम पॉक्स हा विषाणुजन्य रोग युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ज्ञात असून 1999 मध्ये तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आढळला. अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी कवचप्रथिनाचे जनुक वापरून ‘हनीस्वीट’ ही आलुबुखाराची जात तयार केली आणि युरोपातील अनेक वर्षांच्या शेतचाचण्यांत ती या विषाणूला पुरून उरली. सफरचंदात स्कॅब आणि फायर ब्लाइट या रोगांविरुद्धची रानटी सफरचंदांतील जनुके ‘गाला’ या प्रसिद्ध जातीत स्वजातीय जनुकांतरणाने आणण्यात आली आहेत. यात ‘गाला’ची ओळख कायम राहते, हा संकराच्या तुलनेत मोठा लाभ होय. लिंबूवर्गीय फळांवरील खैऱ्या रोगाचा जीवाणू आपले एक प्रथिन पेशीत सोडून वनस्पतीचेच एक जनुक कार्यान्वित करतो आणि त्यामुळे पानाफळांवर खडबडीत फोड येतात. त्या जनुकात किंवा त्याच्या नियंत्रक भागात जनुकसंपादनाने बदल केल्यास रोगाची तीव्रता घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. याउलट सिट्रस सिल्ला या किडीमार्फत पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाने 2005 पासून फ्लॉरिडातील बागांची अपरिमित हानी केली असून त्यावर शेतकऱ्यांच्या हाती देता येईल असा भक्कम प्रतिकार अजून मिळालेला नाही. केळ वनस्पतिशास्त्रानुसार झाड नसून मोठी ओषधी आहे, तरी तिची गणना व्यवहारात फळबागांतच होते. खाण्याच्या केळीला बी धरत नसल्याने संकर जवळपास अशक्य असतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रविज्ञान विद्यापीठाने रानकेळीतील एक जनुक कॅव्हेंडिश केळीत घालून पनामा मर रोगाच्या ‘टीआर-4’ प्रकाराला प्रतिकार करणारी जात विकसित केली. 2024 मध्ये तिला त्या देशात मान्यता मिळाली.

मर्यादा आणि दक्षता : फळझाड अनेक वर्षे बागेत उभे राहत असल्याने त्याचा प्रतिकारही तितकाच टिकाऊ असावा लागतो, रोगकारकाच्या पिढ्या मात्र झपाट्याने बदलतात. ‘मॅलस फ्लोरिबंडा’पासून आलेल्या एकाच जनुकावर अवलंबून असलेल्या सफरचंदांवर स्कॅबच्या नव्या प्रकारांनी मात केल्याचा अनुभव युरोपात आला आहे. म्हणून भिन्न रीतींनी काम करणारी दोन-तीन जनुके एकाच जातीत एकत्र आणणे, रोगट फांद्या छाटणे आणि रोगवाहक किडींवर लक्ष ठेवणे ही कामे जात प्रतिकारक्षम असली तरी सुटत नाहीत. जनुकांतरित झाडाच्या परागाचा शेजारच्या बागांवर होणारा परिणाम, फळाची अन्नसुरक्षा आणि निर्यातीच्या देशांचे नियम यांचीही आधी कसोशीने तपासणी व्हावी लागते. जपानने हवाईच्या ‘रेनबो’ पपईला आपली बाजारपेठ 2011 मध्ये खुली केली, म्हणजे लागवड सुरू झाल्यापासून तेरा वर्षांनी.

भारतातील स्थिती : भारतात व्यापारी लागवडीस मान्यता असलेले जनुकांतरित फळझाड नाही. जनुकांतरित पिकांचे नियमन 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 च्या नियमांनुसार होते. बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या काही जनुकसंपादित वनस्पतींना 2022 मध्ये या नियमांतील प्रमुख अटींतून सूट देण्यात आली, त्यामुळे फळझाडांच्या संशोधनाला नवी वाट मिळाली आहे. सध्या येथे जैवतंत्रज्ञानाचा अधिक उपयोग रोगमुक्त रोपांच्या निर्मितीसाठी होतो. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंडाग्र कलमाचे, म्हणजे विषाणू बहुधा न पोचलेला कोंबाचा अतिसूक्ष्म शेंडा निर्जंतुक खुंटरोपावर बसवण्याचे तंत्र वापरून नागपुरी संत्री आणि मोसंबी यांची विषाणुमुक्त मातृझाडे तयार केली जातात. रोगमुक्तता आणि रोगप्रतिकार यांत मात्र मूलभूत भेद आहे : रोगमुक्त रोप निरोगी अवस्थेत लावले जाते, पण बागेत त्याला पुन्हा लागण होऊ शकते, प्रतिकारक्षम रोप लागणीच्या काळातही तग धरते. महाराष्ट्रात हा भेद डाळिंबाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण ‘भगवा’ ही सर्वत्र लावली जाणारी जात तेल्या या जीवाणुजन्य रोगाला बळी पडते आणि उतिसंवर्धित रोपे लावल्याने सुरुवातीची लागण टळली तरी पावसाळ्यातील लागण टळत नाही. खानदेशातील पपईची गरजही अशीच आहे. तेथे आढळणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूच्या प्रकारांचा अभ्यास, रानटी नातलगांतील प्रतिकारजनुकांचा शोध आणि शेतकऱ्याला परवडणारे, खात्रीचे रोप या तीन गोष्टींची सांगड सार्वजनिक संशोधन संस्थांनी घातली, तरच हवाईत जे साधले ते येथील फळबागायतीला साधता येईल.