जोडीचा प्रतिस्पर्धी

जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजच्या दर्शनी भिंतीची कमान तेवढी आज उभी आहे. मागची सगळी इमारत गेली. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथे चालू झाला, म्हणून मुद्रणाच्या इतिहासात या जागेचं नाव येतं. मला ती कमान वेगळ्या कारणासाठी जवळची वाटते. वर्गाचे दोन गट पाडायचे आणि शब्द, विभक्त्या, धातूंची रूपं एकमेकांना विचारून घोटायची, हा खेळ मी सावंतवाडीकडच्या शाळेत मराठी-संस्कृतच्या तासाला वर्षानुवर्षं घेतला. ज्या जेझुइट पाद्र्यांनी या खेळाचे नियम बारकाईनं लिहून ठेवले, त्यांचं हे कॉलेज होतं.

नियमांच्या त्या पुस्तकाचं नाव 'रात्सिओ स्तुदिओरुम'. ते १५९९ साली पक्कं झालं आणि जेझुइट संघाच्या सगळ्या शाळांना लागू झालं. सिसिलीतल्या मेस्सिना इथे १५४८ साली सुरू झालेल्या शाळेपासून पन्नास वर्षांत जे काही जमलं आणि फसलं, त्याचा हा गाळून घेतलेला अर्क होता. शिकवायचं होतं मुख्यतः लॅटिन. ती कुणाचीच घरची भाषा नव्हती. सेंट पॉलमध्ये इथल्या मुलांबरोबर आफ्रिका, मलाक्का, चीनकडून आलेली मुलं बसत. व्याकरणाचं पाठ्यपुस्तक बहुतेक ठिकाणी एकच, मानुएल आल्व्हारिश यांचं. ते १५७२ साली लिस्बनला छापलं गेलं आणि १५९४ साली जपानमधल्या आमाकुसा इथे जपानी क्रियारूपं घालून पुन्हा निघालं. परक्या भाषेचं रुक्ष व्याकरण लहान मुलांच्या गळी उतरवायचं म्हणजे नुसत्या छडीनं भागणार नाही, हे या लोकांनी ओळखलं होतं.

त्यांनी वर्गाची दोन सैन्यं केली. पुढे अनेक शाळांत त्यांना रोम आणि कार्थेज अशी नावं पडली. प्रत्येक बाजूला रोमन किंवा ग्रीक नावाचे अधिकारी. ज्याचं लेखन सर्वांत चांगलं, त्याला सर्वांत वरचं पद. दहा-दहा मुलांवर एक प्रमुख असे. तास सुरू होण्याआधी तो आपल्या मुलांचं पाठांतर ऐकून कुणाच्या किती चुका झाल्या ते टिपून ठेवी. शनिवारी आठवड्याभराची उजळणी.

आणि प्रत्येक मुलाला समोरच्या बाजूचा एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही नेमणूक. 'रात्सिओ'मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की साध्या मुलानं साध्या मुलाला आव्हान द्यावं, अधिकाऱ्यानं अधिकाऱ्याला. अधूनमधून साध्या मुलानं अधिकाऱ्यालाही गाठावं, आणि जिंकला तर त्याचं पद घ्यावं. प्रश्न शिक्षक विचारील, चूक मात्र प्रतिस्पर्धी दुरुस्त करील, नाहीतर प्रतिस्पर्धीच एकमेकांना विचारतील. विषयही ठरवून दिले आहेत. दुसऱ्याच्या निबंधातल्या चुका काढणं, आदल्या पाठावर प्रश्न करणं, अनियमित नामं-क्रियापदं चालवणं. शेजारच्या वर्गाशी सामना वर्षातून थोड्याच वेळा, साधारण तासभर, आणि त्यात निवडक मुलं. रोजचा खेळ मात्र सगळ्यांचा. वर्गात गप्प बसायला जागाच ठेवलेली नव्हती.

या शाळांचा हेतू काय होता हे गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनं कोकणीवरच बंदीचा हुकूम काढला. पण त्याच संघातले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि त्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली निघालं. मोठ्या वयात परकी भाषा इतकी आत उतरवणारा माणूस व्याकरणाचा कंटाळा करणाऱ्यांतला असणं शक्य नाही. १७५९ मध्ये पोर्तुगालनं आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हाकललं आणि गोव्यातला तो अध्याय मिटला.

युरोपात खेळ टिकला, पण हळूहळू त्याचं रूप पालटलं. जेम्स जॉइसच्या १९१६ सालच्या कादंबरीत आयर्लंडमधल्या जेझुइट शाळेचा वर्ग आहे. यॉर्क आणि लँकेस्टर अशा दोन बाजू, छातीवर पांढऱ्या नाहीतर तांबड्या गुलाबाची रेशमी खूण. विषय गणिताचा. चढाओढ लागते ती दोन हुशार मुलांत, बाकी वर्ग आपापल्या बाजूला ओरडून चेव आणत असतो. कादंबरीचा नायक, छोटा स्टीफन, हरतो आणि त्याचं मन गुलाबांच्या रंगांतच रमतं. तीनशे वर्षांत नेमलेली जोडी मागे पडून आरडाओरडा पुढे आला होता, असं मला ते पान वाचताना दर वेळी वाटतं.

आपल्याकडची परंपरा अर्थात निराळी आणि फार जुनी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत 'प्रतिमाला' आहे. एकानं श्लोक म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरानं दुसऱ्यानं सुरू करायचा. याच घरातल्या आपल्या भेंड्या. मोरोपंतांच्या आर्या, वामनपंडितांचे श्लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहिले, त्यात भेंड्यांचा वाटा मोठा. परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' १८५४ साली निघालं आणि छापील कवितांचा भरपूर साठा हाताशी आला. भेंडी चढू नये म्हणून मुलं 'ठ'च्या, 'ढ'च्या कविता शोधून पाठ करत. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही, म्हणून ण आला तर न घ्यायचा, ळ आला तर ल, अशी तडजोड ज्याच्या त्याच्या घरी ठरलेली. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा एक नियम आठ वर्षांच्या पोराला भांडताभांडता कळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

भेंड्यांवर माझा जीव आहे, तरी वर्गात त्यांची एक अडचण होते. उत्तर गटातल्या कुणीही दिलं तरी चालतं. मग तिघं बोलतात आणि वीसजण टाळ्या वाजवतात. घरी आजी एखाद्या मुक्या पोराला हळूच कानात शब्द सांगते; वर्गात ते कुणी करत नाही.

चढाओढच नको, असं म्हणणारेही थोर लोक होते. मारिया माँटेसोरींनी व्याकरण शिकवायला खुणा केल्या, नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ, आणि चिठ्ठीवर एखादी क्रिया लिहून द्यायची, ती मुलानं करून दाखवायची. गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात ती दृष्टी रुजवली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि पुढे ती मराठीत, बोर्डी-कोसबाडपर्यंत आली. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही मुलाला अभ्यासापासून दूर नेतात, हे गिजुभाईंचं म्हणणं मी मानते. माझ्या वर्गात बक्षीस कधी नव्हतं. पण बरोबरीच्या कुणाशी तरी टक्कर देण्याची मुलांना भूक असते, ती दाबून टाकावी असं मला वाटत नाही.

म्हणून मी जोड्या लावत असे. निबंधाच्या वह्या तपासून साधारण सारख्या कुवतीची दोन मुलं समोरासमोर. आवडता भाग कर्मणी आणि भावे प्रयोग. एकानं कर्म टाकायचं, दुसऱ्यानं क्रियापद. 'रामाने चिंच', 'खाल्ली'. 'बोर', 'खाल्ले'. 'आंबे', 'खाल्ले'. मग समोरचा हळूच 'ला' लावायचा: 'मुलगी पाहिली', पण 'मुलीला'? इथे 'पाहिली' म्हटलं की प्रतिस्पर्धी पकडणार. 'मुलीला पाहिले', 'मुलाला पाहिले', 'मुलांना पाहिले'. क्रियापद जागचं हलत नाही. ही गोष्ट फळ्यावर समजावून सांगितली की मुलं माना डोलावतात आणि पेपरात चुकतात. समोरच्या बाकावरच्या पोरानं एकदा पकडलं की विसरत नाहीत. चूक मी सांगायची नाही, जोडीदारानं सांगायची. त्यालाही येत नसेल तर प्रश्न दोघांच्या वहीत जायचा आणि शनिवारी पुन्हा यायचा.

महिन्यानं जोड्या बदलत. तोंड न उघडणारी मुलंही आपल्यासारख्याच अडखळणाऱ्या मुलासमोर बोलत, कारण तिथे हरण्याची लाज थोडी असते. एकदा एका मुलीनं वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाला गाठायची परवानगी मागितली. जुन्या नियमात ती सोय होतीच. तिनं निवडला होता समास, तोही बहुव्रीही. प्रश्नांची यादी ती घरून तयार करून आली होती. 'नीलकंठ', 'दशानन', 'गजानन' त्यानं सोडवले, 'निर्धन'वर तो अडला. विग्रह तिनं सांगितला आणि बसली. पुढच्या तासाला तो स्वतःची यादी घेऊन आला होता.