हिमखिंडीतील हजार वर्षे

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवर एक खिंड आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड हे तिचे नाव. हे नाव कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो गळ्यात ब्रँडीचे छोटेसे पिंप अडकवलेला धिप्पाड कुत्रा. खिंडीच्या वाट्याला आलेली ही कीर्ती आम्हांला काहीशी अन्यायाची वाटते.

ही वाट फार प्राचीन. रोमन लोकांनी माथ्यावर ज्युपिटरचे मंदिर बांधले होते. सुखरूप पोहोचलेले वाटसरू तेथे नवसाच्या ब्राँझच्या पाट्या वाहत. रोमन सत्ता लयास गेली आणि वाट बेवारस झाली. इ.स. ९७२ मध्ये क्लूनीचे मठाधिपती संत माजोलस रोमहून परतत असताना खिंडीच्या उताराखाली सरासेन टोळीच्या हाती सापडले. मठाने जबर खंडणी भरली तेव्हा त्यांची सुटका झाली. वर हिमवादळ, खाली वाटमारी, अशा कात्रीत यात्रेकरू सापडत. हे पाहून आओस्ता येथील आर्चडीकन बर्नार्ड यांनी इ.स. १०५० च्या सुमारास माथ्यावर एक धर्मशाळा उभारली. येणारा कोण, कोठला, कोणत्या पंथाचा, हे न विचारता त्याला ऊब व अन्न द्यावे, हा तेथील नेम. संत ऑगस्टीनच्या नियमानुसार राहणाऱ्या कॅनन धर्मगुरूंनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

हा नेम पाळणे म्हणजे काय, हे तेथील हवामान जाणल्याशिवाय कळत नाही. वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास! साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत घाटरस्ता बर्फाखाली गाडलेला असतो. वारा पडलेले बर्फ पुन्हा उचलून फेकतो आणि घटकाभरापूर्वीची पाउले पुसून टाकतो. अशा दिवसांत धर्मशाळेची माणसे रोज सकाळी दोन्ही बाजूंचे उतार उतरून वाटसरूंना सामोरी जात. धर्मगुरूंबरोबर ‘मारोनिए’ म्हणून ओळखले जाणारे गडीवाटाडे असत. ते लांब काठ्यांनी बर्फ चाचपत. त्यांतील कित्येक स्वतःच हिमलोटाखाली गाडले गेले. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. ज्यांना वाचवता येत नसे त्यांचे देह एका दगडी खोलीत ठेवले जात, कारण खडकाळ, गोठलेल्या भूमीत कबर खणणे अशक्य. कोरड्या थंडीत ते देह वर्षानुवर्षे टिकत, आणि एखादा आप्त येऊन ओळख पटवील या आशेने तसेच राखले जात.

कुत्रे आले ते सतराव्या शतकात. त्यांचे घ्राणेंद्रिय आणि बर्फातील वाटेची जाण विलक्षण, यात शंका नाही. ‘बॅरी’ नावाच्या कुत्र्याने चाळीसएक जीव वाचवले असे परंपरा सांगते. एकेचाळिसाव्या माणसाने लांडगा समजून त्याला ठार केले, ही कथा मात्र कपोलकल्पित. तो म्हातारपणी, १८१४ साली, बर्न नगरीत मेला. पिंपही असेच. लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० मध्ये ते चित्रात रंगवले आणि ते जगभर झाले. (गारठलेल्या माणसाला मद्य पाजणे घातक असते, हे वेगळेच.) नेपोलियनचीही तीच गत. मे १८०० मध्ये सुमारे ४०,००० सैनिकांसह त्याने ही खिंड ओलांडली. दाव्हीदच्या चित्रात तो उधळत्या घोड्यावर आहे. प्रत्यक्षात स्थानिक वाटाड्याच्या मागोमाग तो खेचरावर बसून गेला. धर्मशाळेने त्याच्या सैनिकांनाही खाऊपिऊ घातले.

आम्हांला विशेष मोल वाटते ते एका कमी गाजलेल्या कामाचे. या धर्मगुरूंत निसर्गाचे अभ्यासक होते. कॅनन म्यूरिथ हे वनस्पतिशास्त्रज्ञ. १७७९ मध्ये मों वेलान शिखरावर प्रथम तेच चढले. सप्टेंबर १८१७ मध्ये जिनीव्हाचे शास्त्रज्ञ पिक्ते यांच्या प्रेरणेने धर्मशाळेत हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. काळ मोठा बिकट होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुरळ्याने १८१६ चा उन्हाळा युरोपात उगवलाच नाही. पिके बुडाली, हिमनद्या पुढे सरकल्या. शेजारच्या बान्य खोऱ्यात जीएत्रो हिमनदीच्या बर्फाने नदी अडून मोठे सरोवर साचले. अभियंता व्हेनेत्झ यांनी बर्फात बोगदा खोदून बरेच पाणी काढून दिले, तरी १६ जून १८१८ रोजी बांध फुटला आणि पुराने खालची गावे धुऊन नेली.

वर, धर्मशाळेत, नोंदवही चालूच होती. दिवसातून अनेकदा, हिमवादळातही, कोणी तरी धर्मगुरू तापमापक व वायुभारमापक वाचून आकडा लिहीत असे. आज डोंगरमाथ्यावरील सर्वांत दीर्घ नोंदमालिकांत या वह्यांची गणना होते. औद्योगिक युगापासून स्वित्झर्लंडचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढले, हे आज शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात ते अशा जुन्या नोंदींच्या बळावर. २७ फेब्रुवारी १९९० रोजी येथे वाऱ्याचा झोत ताशी २६८ किलोमीटर मोजला गेला. त्या देशातील नोंदलेला हा उच्चांक.

१९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. पोप महोदय स्वतः तरुणपणी मोंते रोझा चढलेले! १९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा निघाला आणि मोटारी बारमाही धावू लागल्या. तरीही हिवाळ्यात काही जण बर्फावरून स्की घसरत किंवा हिमपादुका बांधून वर येतात, आणि धर्मशाळेत त्यांच्यासाठी गरम चहा तयार असतो.