धरून ठेवलेला हात : प्रस्तावना

पावसाळा लागला की मत्स्यबीज केंद्रांत रोहू-कटल्याच्या माद्या निवडायचे काम सुरू होते. पोट मऊ आणि फुगीर लागलेली मादी संध्याकाळी ओल्या फडक्यात धरतात, सुई टोचतात, आणि पहाटेपर्यंत कुंडात अंडी दिसू लागतात. एरवी तळ्यातली ही मादी पोटात अंडी तयार असूनही ती सोडत नाही. तिला पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली.

त्या अर्काऐवजी आज वापरात असलेल्या ओव्हाप्रिम या टोचायच्या औषधात दोन द्रव्ये असतात. पहिले, संप्रेरक सोडायला लावणाऱ्या जीएनआरएचचे कृत्रिम रूप. दुसरे डॉम्पेरिडोन, म्हणजे घरोघरी ठाऊक असलेले उलटीवरचे औषध! माशाला ते कशाला? कारण त्याच्या मेंदूतले डोपामिन पिट्युइटरीचा हात धरून ठेवते आणि डॉम्पेरिडोन तो सोडवते. कॅनडात रिचर्ड पीटर यांनी गोल्डफिशवर हा धागा उलगडला. हीच गोळी घेणाऱ्या काही स्त्रियांच्या स्तनांतून दूध पाझरते, कारण माणसात डोपामिन दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला आवरून धरते.

हे आवरणे मोजायचे कसे, हा या पुस्तकाचा विषय. नवा विद्यार्थी मेंदूचा तुकडा वाटतो, त्यात डोपामिन भरपूर सापडते आणि ते भरपूर सुटत असणार असे तो मानतो. कणगी भरलेली आहे एवढ्यावरून घरात भाकऱ्या किती झाल्या ते कळत नाही. त्यासाठी चूल पाहावी लागते. म्हणून डोपामिनसोबत त्याच्या विघटनातून होणारे डोपॅकही मोजतात, किंवा जिवंत मेंदूत बारीक नळी बसवून पेशींबाहेर आलेले तेवढे टिपतात. वेळही सांभाळावी लागते. अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांना तासातासाने जीएनआरएच दिले तेव्हा पिट्युइटरी चालू राहिली, सतत दिले तेव्हा ती गप्प झाली. दिवसातून एकच नमुना घेणाऱ्याला हा फरक दिसणार नाही.

हे सगळे दूरच्या प्रयोगशाळांतच घडते असे इथल्या, बुटीबोरीच्या मुलांना वाटू नये. जवळच नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांगूर माशाच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय हे संदेश पोचवणारे रसायन कुठे कुठे आहे ते पेशी रंगवून शोधले आहे.

पहिले प्रकरण बर्फाचे आहे. मेंदू बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच आतली रसायने बदलू लागतात, म्हणून चिमटा हाती घेण्याआधी बर्फ जवळ ठेवा.

बुटीबोरी