मसाई भगिनींचे मणिकाम आणि चित्रपटातील पोषाख

रुखवतावर मांडण्यासाठी मण्यांचे तोरण किंवा मण्यांचा बटवा आपल्यापैकी पुष्कळजणींनी केलेला असेल. बारीक सुईत एक एक मणी ओवताना मान अवघडते आणि डोळ्यांना पाणी येते, हे ज्याचे त्याला ठाऊक. इतके करून रुखवत पाहायला आलेली मंडळी ‘छान आहे हो’ एवढेच म्हणतात आणि पुढे सरकतात. कोणी केले, कसे केले, त्यातील नक्षीचा अर्थ काय, हे विचारणारी एखादीच. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असे मंडळातील भगिनींनी सांगितले, तेव्हा दूर आफ्रिकेतील मसाई स्त्रियांच्या मणिकामाचा इतिहास आणि त्याला चित्रपटात मिळालेला मान, हाच विषय मी मनाशी ठरविला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पण सुईदोऱ्याची भाषा समजायला फार पुस्तके लागत नाहीत.

मसाई लोक पूर्व आफ्रिकेत, केनिया देशाच्या दक्षिण भागात आणि टांझानिया देशाच्या उत्तर भागात राहतात. गाई, शेळ्या, मेंढ्या हेच त्यांचे धन. आपल्याकडील धनगरांप्रमाणे गुरांच्या चाऱ्यासाठी ते पूर्वापार फिरत आले. त्यांची घरे फांद्या, माती आणि शेण यांची असतात, आणि ती बांधण्याचे व लिंपण्याचे काम बायकांकडे असते. मण्यांचे कामही बायकांचेच. पुरुष ते दागिने आवडीने घालतात, पण करणारे हात आईचे, बहिणीचे किंवा पत्नीचे.

पूर्वी मसाईंचा पोषाख कातड्याचा असे. गाईची, वासराची, मेंढीची कातडी बायका कमावीत, चरबी चोळून मऊ करीत आणि अंगाभोवती गुंडाळण्याजोगी वस्त्रे शिवीत. तांबड्या रंगासाठी गेरूसारखी लाल माती चरबीत कालवून ती वस्त्राला व अंगालाही लावीत. तरुण लढवय्यांना ते ‘मोरान’ म्हणतात. हे मोरान केस लांब वाढवून त्यांच्या बारीक वेण्या घालतात आणि त्यांवरही हीच लाल माती चोपडतात. मोरानपणाचा काळ सरत आला म्हणजे ‘युनोटो’ नावाचा मोठा सोहळा होतो. त्या वेळी प्रत्येकाची आई आपल्या हाताने मुलाचे ते केस काढते. कालपर्यंत भाला घेऊन हिंडणारा मुलगा आईपुढे मान वाकवून बसतो, आणि त्यानंतर त्याने संसार करावयाचा, वडीलकीने वागावयाचे. सुंता झालेले मुलगे काही महिने काळी वस्त्रे नेसतात, ती आणखी वेगळी. सांगावयाचे हे की कोण कोणत्या वयाचा, कोणत्या पायरीवरचा, हे त्यांच्यात पोषाख पाहूनच कळते.

आज आपण चित्रांत पाहतो ते तांबडे, चौकड्यांचे वस्त्र म्हणजे ‘शुका’. हे सुती वस्त्र कातड्याच्या जागी हळूहळू आले आणि 1960 नंतरच्या काळात सर्रास झाले. पण सुती कापड त्या किनाऱ्यावर फार आधीपासून जात होते, आणि येथे आपल्या देशाचा खराखुरा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या बाजारात दोन कापडांना मोठी मागणी असे. एक ‘मेरिकानी’, म्हणजे अमेरिकेहून येणारे, आपल्या मांजरपाटासारखे कोरे कापड. दुसरे ‘कनिकी’, म्हणजे हिंदुस्थानातून जाणारे गडद निळे कापड. कच्छी व गुजराती व्यापारी हा व्यापार करीत आणि मुंबई बंदराशी त्यांची सतत ये-जा असे. आपला ‘दुकान’ हा शब्दसुद्धा तिकडे ‘दुका’ होऊन राहिला आहे.

मण्यांची कथाही अशीच आहे. फार पूर्वी मसाई बायका वाळलेल्या बिया, माती, हाडे, शिंपले यांचे मणी करीत, आणि लोखंड, तांबे, पितळ यांच्या तारा वापरीत. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातून, विशेषतः व्हेनिस आणि बोहेमिया येथून, काचेचे बारीक मणी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आले. मसाईंच्या मुलखातून जाताना तांड्यांना ‘होंगो’ म्हणजे वाटेचा कर द्यावा लागे, आणि तो मणी, तार व कापड या रूपाने दिला जाई. जोसेफ थॉमसन नावाचा स्कॉटिश प्रवासी 1883 साली या मुलखातून गेला, तेव्हा त्यालाही ही चाल पाळावी लागली. मणी परदेशचे खरे, पण ते कोणत्या क्रमाने ओवावयाचे, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी ठेवावयाचा, हे मात्र मसाई बायकांनी ठरविले. आपल्या मंगळसूत्रातील काळी पोतदेखील काचेचीच असते. पण तिला अर्थ दिला तो आपण.

त्यांच्या रंगांचे अर्थ साधारण असे सांगतात. तांबडा म्हणजे शौर्य, रक्त आणि एकजूट. पांढरा दुधाचा, म्हणून शुद्धतेचा. निळा आकाशाचा, ज्यातून पाऊस येतो. हिरवा गवताचा, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचा. पिवळा सूर्याचा, काळा माणसांचा व त्यांच्या कष्टांचा, आणि नारिंगी आतिथ्याचा. गळ्यातील मोठे, ताटलीसारखे सपाट गळपट्टे तारेत मणी ओवून करतात. ओळी एकमेकींत गुंतू नयेत म्हणून मध्ये मध्ये कातड्याची पट्टी घालतात. हल्ली प्लास्टिकचीही घालतात. नाचताना बायका खांदे हलवितात, तेव्हा हे गळपट्टे तालावर वरखाली होतात. लग्न झालेल्या स्त्रीच्या कानी पितळी तारेची, वेटोळ्याची कर्णभूषणे असतात. आपल्याकडे जोडवी आणि मंगळसूत्र पाहून सवाष्ण ओळखावी, तसेच हे.

असा हा अर्थपूर्ण पोषाख, पण त्याच्या वाट्याला अवहेलनाही आली. इंग्रजांच्या राज्यात 1904 आणि 1911 साली करार करवून मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांतून हलविण्यात आले आणि त्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाल्या. मग स्वातंत्र्य आले, तरी पोषाखाचे दुर्दैव संपले नाही. टांझानियाच्या सरकारने 1968 च्या सुमारास मसाईंचा पोषाख सुधारण्याची मोहीमच काढली. कातडी, अंगाभोवतीचे सैल वस्त्र, लाल माती, लांब वेण्या हे सारे मागासलेपणाचे, आणि विजारी-सदरे घालावे तेच सुधारलेपणाचे, असे त्यांना सांगण्यात आले. राज्य आपल्याच माणसांचे होते, हेतूही कदाचित चांगला असेल. पण आईने ओवलेली माळ गळ्यात घालण्याची लाज वाटावी, अशी वेळ यावी याचे दुःख किती असेल, हे सांगावयास नको. डोक्यावरचा पदर आणि नऊवारी यांवरून हिणविल्या गेलेल्या आपल्याकडील बायकांना ते सहज समजेल.

आता पुढची गोष्ट ऐका. ज्या पोषाखाला मागासलेला म्हटले, तोच पन्नास वर्षांनी साऱ्या जगाने डोळे विस्फारून पाहिला. 2018 साली ‘ब्लॅक पँथर’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. माझ्या मुलाने तो घरी टेलिव्हिजनवर लावला होता, म्हणून मीही पाहिला. त्यात ‘वाकांडा’ नावाचे आफ्रिकेतील एक काल्पनिक राज्य आहे. ते कोणाच्या गुलामीत कधी गेलेच नाही, आणि विद्येत व यंत्रांत ते सर्वांच्या पुढे आहे, अशी कल्पना. आफ्रिका कोणी लुटली नसती, तर तेथील माणसे स्वतःच्या मनाने कशी नटली असती, हा प्रश्न वेषभूषा करणाऱ्यांपुढे होता.

ते काम रूथ कार्टर या अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाईंनी केले. त्यांनी मनचे पोषाख काढले नाहीत. आफ्रिकेतील निरनिराळ्या जमातींच्या वस्त्रांचा, दागिन्यांचा अभ्यास केला. राजाच्या रक्षणासाठी त्या चित्रपटात शूर स्त्रियांची पलटण आहे. त्या स्त्रियांचा लालभडक रंग आणि अंगावरील मणिकाम मसाईंवरून सुचलेले आहे. त्यांच्या गळ्यातील व हातातील धातूची वलये मात्र दक्षिण आफ्रिकेतील न्देबेले स्त्रियांची. पलटणीच्या सेनापतीण बाईंची वलये सोनेरी आणि इतरांची रुपेरी आहेत, म्हणजे दर्जा पोषाखावरून ओळखावा ही मूळची रीतही राखली आहे. सीमेवर राहणाऱ्या लोकांच्या खांद्यावर लेसोथो देशातील बसोथो लोकांची कांबळी आहेत. राजमातेच्या डोक्यावरचा पसरट टोप झुलू सवाष्णींच्या टोपावरून घेतला, पण तो नव्या यंत्राने, संगणकाच्या साहाय्याने बनविला. जुने आणि नवे असे एकत्र नांदलेले पाहून मला मोठे नवल वाटले.

पडद्यावर नटीला अंगप्रदर्शन करावयास लावण्याची चाल सर्वत्र आहे. या पलटणीतील स्त्रिया मात्र नखशिखान्त वस्त्रे ल्यालेल्या, हाती भाला घेतलेल्या, आणि तरीही देखण्या आहेत. या कामासाठी रूथ कार्टर यांना 2019 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. वेषभूषेसाठी ते मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय. याच चित्रपटाच्या पुढील भागासाठी 2023 साली त्यांना ते पुन्हा मिळाले. येथे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांची आठवण झाल्यावाचून राहात नाही. ‘गांधी’ चित्रपटातील वेषभूषेसाठी 1983 साली त्यांना हेच पारितोषिक मिळाले, आणि ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या माणसांचे कपडे दाखवावयाचे, त्यांचे जिणे आधी समजून घ्यावे लागते, हे दोघींच्या कामावरून दिसते.

परंतु एवढे कौतुक करून थांबले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. वाकांडा काल्पनिक, म्हणून तेथे मसाईंचा रंग आणि हजारो मैल दूरच्या न्देबेल्यांची वलये एकाच अंगावर शोभून दिसली. ते चालेल. पण पाहणाऱ्याला दोन्ही नावे कळली नाहीत, तर सारी आफ्रिका एकसारखीच असे त्याला वाटावयाचे. आणि मान मिळाला तो चित्रपटाला. ज्या बायकांच्या आज्या-पणज्यांनी ही नक्षी शोधली, त्यांच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न मसाईंनी स्वतःच विचारला आहे. त्यांचे नाव आणि त्यांची कलाकुसर वापरून मोटारी, पादत्राणे, कपडे विकणाऱ्या कंपन्या जगात पुष्कळ. एका गणतीप्रमाणे त्या 80 हून अधिक भरल्या. पॅरिसच्या लुई व्हिताँ या नामांकित पेढीने 2012 सालच्या पुरुषांच्या कपड्यांत शुकासारख्या चौकड्यांचे कापड वापरले, आणि त्याची बरीच चर्चा झाली. आयझॅक ओले तियालोलो या मसाई वडीलधाऱ्यांनी व इतरांनी गावोगाव बैठका घेऊन आपल्या लोकांना संघटित केले. आमचे नाव व नक्षी वापरावयाची तर आधी विचारा, नीट वापरा आणि मोबदला द्या, एवढेच त्यांचे मागणे. एका ब्रिटिश कंपनीने त्यांच्याशी रीतसर करारही केला. भीक नको, हक्क हवा, असे हे मागणे मला फार योग्य वाटते.

हे आपल्यालाही लागू आहे. लमाणी बायकांचा आरसे व कवड्यांचा घागरा चित्रपटात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण हौसेने वापरतो. कोळी नृत्यातील लुगड्याची ती खास नेसण मुलींना शिकवितो. पण ती नेसण तशी का, पाण्यात, होडीवर वावरताना तिचा काय उपयोग, हे कितीजणी सांगतात? आमच्या मंडळाच्या शिवणवर्गात एखादा टाका शिकविताना तो कोणत्या बायकांचा, कोणत्या गावचा, हे जर दोन वाक्यांत सांगितले, तर फारसा वेळ लागणार नाही. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात वस्तूशेजारी किंमतीची चिठ्ठी आपण लावतोच. तिच्यावर करणारीचे नावही लिहावे, अशी माझी सूचना आहे.

मसाई आई आजही काट्याकुट्यांच्या कुंपणाआड झाडाच्या सावलीत बसून लेकीला मणी ओवावयास शिकविते. तिच्या हाताखाली तांबड्याशेजारी पांढरा, पांढऱ्याशेजारी निळा असा क्रम चालतो. तो तिला तिच्या आईने सांगितलेला असतो. चित्रपट तीन तासांत संपतो, तिचे काम चालूच असते. तेव्हा भगिनींनो, पडद्यावर किंवा प्रदर्शनात अशी एखादी सुंदर माळ दिसली, तर ‘छान आहे हो’ म्हणून पुढे न जाता, ही कोणी ओवली, हे आपण अवश्य विचारू या.